चांदीचा हात

पांढरा रंग सगळ्यात अवघड. निळा, हिरवा, विटकरी मारताना हात थोडा चुकला तरी रंग सांभाळून घेतो. पांढरा काहीच सांभाळत नाही. धुळीचा कण, हाताची घाई, खालच्या रंगाची छटा, जे असेल ते वर आणून दाखवतो.

हे मला मन्मथप्पांनी शिकवलं. चौसाळ्याला बसस्टँडच्या मागं त्यांचा फोटो स्टुडिओ. पूर्वी ते मयत माणसांच्या फोटोंना एअरब्रशनं कोट-फेटा चढवून द्यायचे. कॉम्प्युटर आल्यावर ते काम गेलं, मग नंबरप्लेटा आणि कृषी प्रदर्शनात ठेवायची मॉडेलं करायला लागले. गोबर गॅस, बंधारा, पाणलोट. बारावीनंतर दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. एअरब्रशला ते पेन म्हणत. रंग दुधाइतका पातळ हवा, वाटीच्या कडेवरून ओघळला की मागं पातळ साय राहिली पाहिजे. आधी हवा सोडायची, मग रंग; थांबताना आधी रंग बंद, मग हवा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, म्हणजे कडेला थेंब साचत नाही. खाली राखाडी अस्तर, त्यावर पांढऱ्याचे पाच-सहा विरळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये धीर. पहिला हात धुक्यासारखा दिसला पाहिजे. पहिल्याच हाताला पांढरं दिसलं तर काम गेलं म्हणून समजायचं.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. जुन्या लाल अक्षरांवर पांढरं मारायचं असेल तर मध्ये चांदीचा एक हात मारायचा, म्हणजे चंदेरी रंगाचा.

"लाल मरत न्हाई, मंजुळे. किती बी पांढरं मार, आठ दिवसांनी वर येतंय. चांदीखालीच ते गप बसतंय."

लग्न होऊन मी आठ किलोमीटरवरच्या वाडीत आले. पहिल्या भाऊबीजेला माझ्या भावानं ओवाळणीत साडी घातली नाही, जीपमधून एक जुना कंप्रेसर उतरवला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, बहिणीला कुणी पंक्चरचं दुकान देतं का म्हणून. भाऊ म्हणजे बिभीषणदादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मुलीनं फोटोवाल्याकडं काय शिकायचं म्हणून वडील अडून बसले होते, तेव्हा दोन दिवस न जेवता त्यानं त्यांना राजी केलं होतं. माझ्या हातात पेन आलं ते त्याच्यामुळं. हे मी आजही नाकारत नाही.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात आमचा गोठा रिकामा होता. दुष्काळ होता, दोन्ही म्हशी आणि बैल चारा छावणीत, आत्याबाई त्यांच्यापाशी. त्या रिकाम्या गोठ्यात मी रंगाचं काम मांडलं होतं. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडावं लागतं, आणि पाणी तर वाडीतल्या एकाच विहिरीवरून डोक्यावर आणायचं. मग मी माझ्या तान्ह्या रेणूला घमेल्यात अंघोळ घालायची आणि तेच पाणी गोठ्यात शिंपडायची. साबणाचा आणि बाळाचा वास यायचा. सकाळी नऊ ते अकरा ती झोपायची, तेवढाच माझा वेळ. त्यानंतर ऊन इतकं व्हायचं की रंग मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच वाळायचा आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरबरीत व्हायचा. रेणूला कंप्रेसरच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो बंद केला की ती जागी व्हायची.

रेणू झाली तेव्हा हे कारखान्यावर होते. आमचे हे, आश्रुबा, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दसऱ्याला टोळीबरोबर जायचे ते पाडव्याच्या पुढंमागं परत. पोरीला पहिल्यांदा घेतलं तेव्हा ती तीन महिन्यांची होती आणि परका माणूस बघून किंचाळली. यांनी तिला पटकन माझ्याकडं दिलं आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरचं काहीतरी बघत बसले. पुढं महिन्याभरात ती यांच्या छातीवरच झोपायला लागली. मिशी मुठीत धरून. येत्या दसऱ्याला हे परत गेले की पोर यांना पुन्हा विसरणार, एवढी एकच गोष्ट माझ्या मनात घर करून होती.

अशात मे महिन्यात दादा आला. तो दुधाच्या एका नव्या सहकारी संस्थेचा सेक्रेटरी झाला होता. म्हणाला, बायकांची संस्था आहे, दूध थंड करून साठवायचं केंद्र उभं राहणार, वाड्या-वस्त्यांतल्या बायकांना एरवी कागदावरचं कळत नाही, तर डोळ्यांनी दिसेल असं मॉडेल कर. आणि निघताना चपला घालता घालता म्हणाला, "आश्रुबाला टँकरवर ड्रायव्हर म्हणून घेऊ. औंदा उसाला जायचं काम न्हाई."

त्या दिवशी मी रेणूला इतकं हुंगलं की ती वैतागली.

मी जागा मापली. शाळेच्या मागची गायरानाची पट्टी, तिच्या कडेला मोठा लिंब, आणि पलीकडं वच्छलामावशींची विहीर. वाडीत त्या उन्हाळ्यातही पाणी होतं ते या एकाच विहिरीला. मावशी एकट्या राहतात. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं आणि विचारलं, दुधाच्या घराला पाणी लागंल ना गं, मग माझ्याच हिरीचं घ्यावं लागंल. त्या खूश होत्या. मीटरला एक सेंटीमीटर असं प्रमाण धरून मी सनबोर्डच्या पांढऱ्या पुठ्ठ्याची इमारत कापली. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचा लिंब केला, औषधाच्या बाटलीच्या टोपणाची विहीर. लिंब खरंच लिंबासारखा दिसत होता.

दादानं ते पाहिलं, पाठ थोपटली आणि लिंब काढायला सांगितला. विहीरही. म्हणाला, मोठ्या शहरात आर्किटेक्ट लोक मॉडेल सगळं पांढरंच ठेवतात, जमीन, रस्ता, इमारत, सगळं एकसारखं. झाडंबिडं पोरखेळ वाटतो. पाटीवर मी 'नियोजित दूध शीतकरण केंद्र' असं लिहिलं होतं आणि खाली वाडीच्या नावाला जागा सोडली होती. ती जागाही तशीच पांढरी राहू दे म्हणाला. नियोजित म्हणलं की भागतं.

मला त्यात काही खटकलं नाही. उलट हुरूप आला. पांढऱ्यातलं काम म्हणजे माझी परीक्षा. सहा सकाळी लागल्या. शेवटच्या हातानंतर मॉडेल असं दिसत होतं की बोट लावलं तर गार लागेल. लिंब आणि विहीर मी रेणूच्या पाळण्याच्या वर खिळ्याला टांगली.

मारुतीच्या पारावर सभा झाली. बायकांनी मॉडेलभोवती गर्दी केली. वच्छलामावशींनी छपरावर कुंकू वाहिलं, मागून सगळ्यांनी बोटं लावली. कुणी म्हणालं, हे बघ इकडून लिंबाची सावली येणार. कुणी म्हणालं, इथून हिरीचा पाइप. पांढऱ्या कोऱ्या जमिनीवर त्या बोटांनी आपला लिंब दाखवत होत्या, विहीर दाखवत होत्या. मग सभासदत्वाच्या कागदावर सह्या-अंगठे झाले. मावशींनी वेगळ्या कागदावर अंगठा दिला, नियोजित केंद्रास विहिरीचे पाणी देण्याबाबत. कागद मीच वाचून दाखवला.

दुसऱ्या आठवड्यात दादानं मॉडेल परत पाठवलं. निरोप होता, कुंकवाचे डाग घालव, चेअरमनसाहेबांना दाखवायचंय. मी छप्पर ओल्या फडक्यानं पुसलं, पण लाल आत मुरलं होतं. चांदीचा हात मारला, वर पांढरं.

जुलैत ते पुन्हा आलं. या खेपेला गुलाल, दरवाजाच्या फटीतसुद्धा. मी फोनवर विचारलं, तर दादा म्हणाला बीडच्या ऑफिसात कसला तरी सत्कार होता. मी पुन्हा चांदी मारली, पुन्हा पांढरं. थर वाढत होते, कडा बोथट व्हायला लागल्या होत्या. मला फक्त कडांचीच काळजी.

राखीच्या आदल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आलं. जीपवाल्यानं चादरीत गुंडाळून आणलेलं गोठ्यात ठेवलं. छपरावर लाल ठिपके होते, तीन ठिकाणी. मॉडेल तिरपं करून मी उजेडात धरलं, कारण पांढऱ्याचे दोष समोरून दिसत नाहीत, बाजूनं दिसतात. आणि प्रत्येक ठिपक्याच्या खाली मला तीन आडव्या रेघा दिसल्या. पांढऱ्यावर पांढऱ्या. तीन बोटांनी ओढलेल्या. बोट लावलं तर पीठ निघालं. वास घेतला. ईभूत होती.

आमच्या वाडीत लिंगायतांचं एकही घर नाही. ऑफिसातल्या सत्काराला विभूती कोण लावतं? मी मॉडेल तसंच झाकून ठेवलं.

थिनर संपलं होतं, म्हणून रेणूला कडेवर घेऊन चौसाळ्याला गेले. मन्मथप्पांनी रेणूच्या हातात रिकामा फिल्मचा डबा दिला आणि मला म्हणाले, कालच तुझं नाव काढलं. त्यांच्या गावात, ते गाव आमच्या वाडीपासून चार कोस, सभा झाली होती. तिथं पांढरं मॉडेल आलं होतं. लांबूनच ओळखलं म्हणाले.

"म्हणलं, हे पांढरं आमच्या मंजुळेचंच. आमच्या घरच्या मल्लम्मानं स्वतः ईभूत लावली. आमच्या गावाला पलांट होतोय, आन ते बी तुझ्या हातचं. लई बरं वाटलं बघ."

मी रेणूला घट्ट धरून तशीच उभी राहिले. आप्पांना वाटलं ऊन लागलं, त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी विचारलं, केंद्र कुठं होणार म्हणाले? आप्पा म्हणाले, कुठं म्हणजे, मठाच्या मागं, मॉडेलमध्ये दिसतंच की.

मॉडेलमध्ये दिसतंच की. पारावरच्या बायकाही हेच म्हणाल्या होत्या. आणि कुठल्या तरी तिसऱ्या गावात गुलाल उधळणाऱ्या बायकाही हेच म्हणाल्या असतील. लिंब मी माझ्या हातानं उपटला होता, म्हणून त्या जागी कुणालाही काहीही दिसत होतं.

राखीला दादा आला. मी पाट मांडला, ओवाळलं, कुंकू लावलं, राखी बांधली. पेढा त्याच्या तोंडात असतानाच विचारलं, केंद्र कुठं होणार. तो आधी हसला. मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून थांबला. हायवेच्या फाट्यावर, म्हणाला. चेअरमनसाहेबांची पडीक जमीन आहे, डांबरी सडक आहे, लाइट आहे. संस्था नोंदवायला तीन गावांच्या बाया लागत होत्या, त्या झाल्या. पुढच्या सोमवारी भूमिपूजन.

मी म्हणाले, तू आम्हाला फसवलंस.

"मी कवा म्हणलो हितंच होणार हाय? नियोजित म्हणून तूच लिवलंस ना, तुझ्या अक्षरात. जागा तुमची तुमी बघितली."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. लहानपणी मला गणित समजावताना जसा बोलायचा तसाच बोलत होता. आणि आश्रुबांना टँकरवर घ्यायचा शब्द मी पाळतोय, म्हणाला. फाट्यावर बोअरला पाणी लागलं नाही, बांधकामाला आणि पुढं केंद्रालाही पाणी वाहून न्यावं लागणार. रोज चार खेपा. रात्री माणूस घरी.

मी दुधाचा टँकर समजले होते. दादानं कुठला टँकर ते सांगितलंच नव्हतं.

कुठून नेणार पाणी, असं मी विचारलं नाही. मावशींच्या अंगठ्याचा कागद मीच वाचला होता. नियोजित केंद्रास. केंद्र कुठंही असो, पाणी त्याला जाणार.

मॉडेल तयार कर, परवा जीप पाठवतो, एवढं सांगून तो गेला. ताटात ओवाळणी ठेवली होती, ती मी उचलली नाही. सणापुरत्या छावणीतून आलेल्या आत्याबाईंनी ती उचलून देवापुढं ठेवली.

मी वच्छलामावशींकडं गेले. सगळं सांगितलं, विभूतीपासून टँकरपर्यंत. त्या ज्वारी निवडत होत्या, सुपातला हात थांबला नाही. मला वाटलं त्या दादाला शिव्या देतील, मग मीही देईन, मन हलकं होईल. त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

"तुझ्या भावाचं त्वांड बघून मी अंगठा दिला न्हाई, पोरी. तुझ्या हातचं हाय म्हणून दिला."

मी उठले. अंगणातून बाहेर पडेपर्यंत सुपाचा आवाज येत होता.

त्या दुपारी यांना सांगितलं. हे रेणूला पोटावर घेऊन बाजेवर पडले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, स्टेअरिंग उसाचं काय आन पाण्याचं काय, सारखंच. निदान पोर तरी वळखंल. तू म्हणशील तसं.

रेणूनं यांच्या मिशीला हात घातला होता. 'हो' माझ्या जिभेवर होतं. खोटं कशाला सांगू. आम्ही नाही नेलं तर दुसरा कुणी नेईल, पाणी तर जाणारच, मग हे घरी का राहू नयेत? हे सगळं माझ्या डोक्यात अगदी दादाच्या आवाजात चाललं होतं, त्याच समजावण्याच्या सुरात. तो सूर ओळखला आणि माझं मलाच भ्या वाटलं.

मी म्हणाले, नका चालवू.

यांनी रेणूची मूठ हळूच सोडवली आणि तिचा तळवा स्वतःच्या गालावर धरून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूला अंघोळ घातली, पाणी गोठ्यात शिंपडलं. ती झोपली. मॉडेलवरची विभूती मऊ ब्रशनं झाडून एका कागदात घेतली आणि देवळीत ठेवली. ती पुसून टाकायचा मला हक्क नव्हता. कुंकवाचे तीन ठिपके राहिले. चांदीची बाटली समोरच होती, अर्धी भरलेली. मी ती हलवली, झाकण उघडलं, आणि पुन्हा लावलं.

मग ठिपक्यांवर सरळ पांढरं मारलं. घाई केली नाही. पहिला हात धुक्यासारखा. पाव तास थांबले. दुसरा, तिसरा. कंप्रेसर घरघरत होता, रेणू झोपली होती, आणि माझा हात इतका स्थिर मी आधी कधी पाहिला नव्हता. सहाव्या हाताला मॉडेल असं झालं की आप्पांनी बघायला हवं होतं. एक कण नाही, एक ओघळ नाही. जीपवाला म्हणाला, ताई, हे तर काचंसारखं हाय.

भूमिपूजनाला मी गेले नाही. मॉडेल काचेच्या पेटीत घालून मांडवात ठेवलं होतं, चेअरमनसाहेबांनी विचारलंही म्हणे कुणी केलं म्हणून. पेटी नंतर संस्थेच्या ऑफिसात गेली, दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. दहाव्या दिवशी दादाचा फोन आला.

"मंजे, छपरावर हे गुलाबी काय उमटलंय? तीन डाग हायेत. वाढायलेत. कावून झालं हे?"

मी भाकरी थापत होते. म्हणाले, दादा, ते नियोजितच होतं.

मागं कुणीतरी बोलत होतं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यानं फोन ठेवला. नंतर त्यानं कुणाकडूनही मॉडेल दुरुस्त करून घेतलं नाही. आप्पांना विचारलं होतं, आप्पांनी पेन विकलं म्हणून सांगितलं. ते विकलेलं नाही.

यानं काही थांबलं नाही. टँकर येतो, बाहेरगावचा ड्रायव्हर आहे, रोज चार खेपा. बायका विहिरीपाशी उभ्या राहतात, खाली पाणी किती उरलं ते बघतात, आणि मी गेले की बोलणं बदलतात. संमती मागं घ्यायचा अर्ज मी लिहिला, मावशींनी अंगठा दिला, पण त्याआधी कागद वाच म्हणाल्या आणि वाचून झाल्यावर पुन्हा वाचायला लावला. अर्ज तहसीलला आहे. त्याचं काय होईल ते माहीत नाही. अर्जात मी विहिरीचा गट नंबर घातला, लिंब घातला, शाळा घातली, वाडीचं नाव दोनदा घातलं.

दसरा झाला. हे गेले. रेणू तोवर धरून उभी राहायला लागली होती, निघताना यांच्या पँटीला धरून उभी राहिली, तिला वाटलं उचलून घेतील. यांनी घेतली, आणि मग माझ्याकडं दिली.

गोठ्यात म्हशी परत आल्यात, पेन मी माळ्यावर ठेवलंय. कंप्रेसर मात्र घरात आणला. दादानं दिलेला, मला तो नजरेसमोर नको होता. आत्याबाई तर भंगारात घाला म्हणतात. पण रेणूला त्याच्याशिवाय झोप येत नाही. थोपटून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली. नऊ वाजले की ती त्याच्याकडं बोट करून रडते. मग मी बटण दाबते. रंग नाही, पेन नाही, नुसती हवा. ती घरघर ऐकत पाळण्यावरच्या लिंबाकडं बघत बघत ती डोळे मिटते, आणि ती झोपली तरी मी बटण बंद करत नाही, कारण बंद केलं की ती जागी होते.